उसनी पोरं

दिवाळी अंकासाठी लिहा म्हणून फोन आला, तेव्हा मी लोणच्याच्या कैऱ्या फोडत बसले होते. संपादक तसा गोड मुलगा आहे. म्हणाला, “आजी, तुमच्या नोकरीतलं काहीतरी प्रेरणादायी द्या.” मी म्हटलं, “बाबू, प्रेरणा संपली. भांडणं शिल्लक आहेत. त्यातलं एक देऊ?” तो म्हणाला, “द्या.” म्हणून देते आहे. वाचून कोणाला राग आला तर खुशाल येऊ द्यावा. ज्यांना यायला पाहिजे होता त्यांना तो तेव्हाच येऊन गेलेला आहे.

माझी नोकरी भंडारा जिल्ह्यात, शिक्षणखात्यात. पद विस्तार अधिकारी. हे पद म्हणजे नेमकं काय, ते घरच्यांनाही शेवटपर्यंत कळलं नाही. सासूबाई शेजारणीला अभिमानाने सांगायच्या, “सून शाळा तपासते.” आणि शेजारीण काळजीने विचारायची, “शाळेले काय झालं जी?” काम सांगायला सोपं. गावोगावच्या शाळांमध्ये जायचं, वर्गात मागे बसायचं, मास्तर शिकवतात का, मुलं शिकतात का, छप्पर गळतं का ते पाहायचं आणि वर कळवायचं. वरचे त्यांच्या वरच्यांना कळवायचे. गळणारं छप्पर तेवढं जागचं हलायचं नाही.

आणीबाणी उठून थोडेच दिवस झाले होते तेव्हाची गोष्ट. खात्याने ‘उन्हाळी आनंदवर्ग’ काढले. कल्पना चांगली होती, हे मी आजही म्हणते. परीक्षा संपल्या की निवडक गावांत सकाळी शाळा उघडायची, पण पाटी-पुस्तक काढायचं नाही. गाणी, मातीकाम, चित्रं, गोष्टी, नाटुकली. शहरातल्या मुलांना जे बसल्या जागी मिळतं, ते आमच्या धानाच्या मुलखातल्या मुलांनाही मिळावं, असा हेतू. आणि हे वर्ग कसे चालले आहेत त्याचं मूल्यमापन खात्यातल्या सगळ्यात नव्या, सगळ्यात शहाण्या बाईकडे दिलं गेलं. ती मी.

परीक्षेत मुलगा नापास होतो, मूल्यमापनात अख्खा वर्ग नापास होतो, एवढाच दोन्हीत फरक. नियम असा होता की ठरलेल्या वेळेला निम्मी मुलंही हजर नसली, तर तो वर्ग पुढच्या उन्हाळ्यापासून बंद. आणि मास्तरला लेखी ताकीद. एकदा का ती ताकीद नोकरीच्या कागदांत शिरली की मास्तर निवृत्त होईपर्यंत ती त्याच्यासोबत संसार करते.

तेव्हाची मी तुम्ही पाहायला हवी होती. नागपुरात शिकून आलेली. कडक इस्त्रीची साडी, डोळ्यांवर काळा चष्मा, आणि चाल अशी की जणू रस्ता मीच मंजूर केला आहे. माझे बाबा पवनीला हातमागावर बसायचे. व्यापारी आला की विणलेल्या कापडाचा काठ उजेडाकडे धरायचा, अंगठ्याने चोळायचा आणि नाक मुरडायचा. त्या मुरडलेल्या नाकाचा मला लहानपणी फार राग. मोठी होऊन मी तेच नाक चेहऱ्यावर लावून गावोगाव हिंडत होते, आणि आरशात मला ते दिसत नव्हतं.

माझ्या शहाणपणाचा कळस म्हणजे मी आनंद मोजायची रीत काढली होती. एक म्हणजे अजिबात आनंद नाही, पाच म्हणजे खूप आनंद. मुलाने आकडा सांगायचा, मी लिहायचा. पहिला प्रयोग कोंढ्याला केला. एका मुलाला जवळ बोलावून म्हटलं, “बाळ, या वर्गात तुला किती आनंद होतो? एक ते पाचमध्ये सांग.”

तो बराच वेळ विचार करत होता. मग म्हणाला, “जेवायच्या आधीचा का नंतरचा?”

दुसऱ्याला विचारलं, तर त्याने उलट मलाच विचारलं, “तुमाले कितीचा पायजे जी?”

“मला नाही रे. तुला किती होतो ते सांग.”

“मंग पाच लिवा. पाच लिवलं का तुमी जाल ना?”

मी पाच लिहिले आणि गेले. त्या मुलाने मला एक ते पाचमध्ये किती दिले असते, हा प्रश्न मला तेव्हा सुचलाच नाही.

खरी गंमत झाली ती जिल्ह्याच्या वरच्या टोकाला, बपेरा आणि नाकाडोंगरीच्या पट्ट्यात. तिथल्या दोन गावांत वर्ग होते. गावांची नावं सांगणार नाही, कारण तिथल्या सुना-लेकी अजून माझ्याशी बोलतात. एक नदीकाठचं गाव आणि एक जंगलकाठचं गाव, एवढं पुरे. मध्ये सकाळच्या चालण्याइतकी वाट.

आधी नदीकाठच्या गावी गेले. वर्ग गच्च भरलेला. पहिल्याच रांगेत एक मुलगी होती. तिला मध्यंतरी टायफॉईड होऊन गेला होता, डोक्यावरचे केस काढलेले, आणि आता बोटभर नवे केस साळिंदरासारखे उभे होते. प्रश्न संपायच्या आत तिचं उत्तर तयार. मी नाव विचारलं तर म्हणाली, “गोदावरी. पण गोदीच म्हणा, लवकर होते.” मी आनंदाचे आकडे लिहून घेतले आणि खूष झाले. मनातल्या मनात वर्गाला पास करून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जंगलकाठच्या गावी. वर्ग पटले आडनावाच्या गुरुजींचा. गुरुजी मध्यमवयाचे, पातळ अंगाचे, माझी चाहूल लागताच टोपी काढून पुन्हा घालणारे. इथेही वर्ग गच्च. मुलं टाळ्या वाजवत गाणं म्हणत होती. पहिल्या रांगेत डोक्याला टॉवेल घट्ट गुंडाळलेली एक मुलगी.

“तुझं नाव काय?”

“कल्पना.”

“टॉवेल का बांधला आहेस?”

“ऊन लागते.”

शाळेच्या आत, सकाळच्या पारी, ऊन. मी पुढे काही म्हणणार तोच टाळीच्या झटक्याने टॉवेल सुटला आणि मांडीवर पडला. बोटभर केस, साळिंदर. गाणं मधेच थांबलं. अख्खा वर्ग माझ्याकडे पाहू लागला. आणि सगळ्यात आधी हसली ती तीच.

काय सांगू, मला कोण आनंद झाला! माझ्याच मापाने पाच. चोर पकडला की शिपायाला जे वाटतं, तेच. मी चष्मा काढला, पुन्हा घातला, आणि गुरुजींकडे वळले.

“गुरुजी, ही मुलं कुठली?”

“याच परिसरातली, मॅडम.”

“परिसर केवढा धरायचा, गुरुजी?”

गुरुजींनी टोपी काढून पुन्हा घातली. तेवढ्यात ओट्यावर बसलेली एक म्हातारी गुडघ्यावर हात देऊन उठली आणि दारात येऊन उभी राहिली. सगुणाबाई. गोदीची आजी, आईची आई. म्हणजे गोदीचं गाव नदीवर, आणि हे तिचं आजोळ.

“काहून ओरडून राहिल्या जी मॅडम? मास्तराले नोका बोलू. पोट्टे मी आणले.”

“का आणले?”

“आमचे लेकरं अंधाराचेच जंगलात गेले. तेंदूपानाचे दिवस हायेत ना. पान का तुमच्या सायबाची वाट पाहून झाडावर थांबते?”

बाहेरच्यांसाठी सांगते. विडीची पानं तोडायचे दिवस उन्हाळ्यात मोजकेच. तेवढ्या दिवसांत घरातलं मूल न् मूल पहाटे जंगलात असतं, दुपारी सावलीत बसून पानांचे जुडे बांधतं. हे मला ठाऊक नव्हतं का? ठाऊक होतं. पण माझ्या तक्त्यात त्याला जागा नव्हती, आणि जे तक्त्यात नाही ते जगात नाही, असं माझं तेव्हाचं तत्त्वज्ञान.

मी म्हटलं, “म्हणून दुसऱ्या गावची मुलं आणून बसवायची? ही फसवणूक आहे.”

“फसवनूक कायची? रोवण्याच्या टायमाले त्यायच्या बाया आमच्या बांधीत येतात, आमच्या बाया त्यायच्या बांधीत जातात. तवा तुमी म्हणता का, का हे धान खोटं हाय?”

आमच्याकडे बांध घातलेल्या धानाच्या तुकड्याला बांधी म्हणतात आणि धानाची रोपं लावणं म्हणजे रोवणा. आज तू माझ्या बांधीत, उद्या मी तुझ्या, या उसनवारीवरच सगळा रोवणा उरकतो. ती उसनवारी या दोन गावांनी सरळ शाळेत आणून लावली होती. कोणाला त्यात काही चोरून केल्यासारखं वाटतच नव्हतं.

“आजी, धान आणि मुलं एक नसतात.”

“नाही ना! धान तरी एका जागी उभं राहते. हे पोट्टे राहते का? तरी तुमच्यासाठी बसवले.” मग तिने मला समजावणीच्या सुरात पुढचंही सांगून टाकलं. “नदीवर डांगराच्या वाड्या निघाल्या का आमचे पोट्टे तिकडं जातीन. बोलणं झालं हाय.”

म्हणजे पुढच्या भेटीतली फसवणूकही ठरून गेलेली! डांगरं म्हणजे खरबुजं, नदीच्या वाळूत पिकतात. ती काढायच्या दिवसांत नदीकाठची मुलं मोकळी नसतात.

मी गुरुजींना विचारलं, “मग तुमचा खरा वर्ग होतो तरी कधी?”

“ऊन उतरलं की, आमराईत. मुलं पानांतून मोकळी होतात तेव्हा. रोज होतो, मॅडम. एक दिवस खाडा नाही.”

“मग वेळ बदलून मागायची नाही का?”

“मागितली होती. उत्तर आलं, वेळ वरून ठरलेली आहे.”

मी त्या दिवशी तिथे थांबले. मोठ्या मनाने थांबले असं लिहायला मला आवडलं असतं, पण खरं कारण असं की तुमसरला जाणारी बस चुकली होती. दुपारी सगुणाबाईने भात आणि लाखोरीची डाळ वाढली. लाखोरीने पाय लुळे पडतात म्हणून ती विकायला तेव्हा सरकारची बंदी होती. मी ती डाळ दोनदा मागून घेतली. खात्याविरुद्ध माझं पहिलं पाऊल पडलं ते असं, पोटातून.

ऊन उतरलं तशी मुलं आमराईत जमली. हात पानांच्या चिकाने काळपटलेले, ओच्यात तेंदूची पिवळी फळं. गुरुजींनी टोपी काढून झाडाला अडकवली आणि त्यांचा आवाजच बदलला. सकाळचे घाबरट गुरुजी कुठे गेले कोणास ठाऊक. आमचा झाडीपट्टीचा मुलूख नाटकवेडा. इथे मूल चालायला शिकतं आणि सोंग करायला शिकतं, आधी काय ते सांगता येत नाही. गुरुजी म्हणाले, “आज पाहिलेलं काय दाखवता?” आणि खाली बसले.

गोदी आजोळी राहिली होतीच. ती उठली. दोन गोल तेंदूपानं सालीच्या दोरीने बांधून डोळ्यांवर चढवली. हातात वाळकी काडी. आणि चालायला लागली. ती पावलं टाकताच मला घाम फुटला, कारण ती चाल माझी होती. जणू रस्ता तिनेच मंजूर केला आहे.

एक मुलगा बैल होऊन उभा होता. गोदी त्याच्यासमोर थांबली, मान तिरपी केली, नाक मुरडलं. “बाळ, तुला किती आनंद होतो? एक ते पाचमध्ये सांग.”

बैल म्हणाला, “हंबाऽऽ.”

“एकदाच ओरडला. एक लिहा!”

मग चार मुलं हातांवर हात धरून छप्पर झाली. पाऊस सुरू झाला. छपराच्या पोटातून एक जण बोलू लागला, “टप. टप. टप. टप. टप.” गोदीने बोटांवर मोजलं, पानांचा चष्मा वर सरकवला आणि जाहीर केलं, “पाच! हे छप्पर खूप आनंदी आहे. याले काही करू नका.”

आमराई हसून लोळली. गुरुजी तेवढे हसले नाहीत. ते माझ्याकडे पाहत होते, फाशीच्या कैद्यासारखे. मला हसू आलं, पण जरा उशिराने. आधी कान गरम झाले. हे नाक माझं? ते व्यापाऱ्याचं नाक, मी इतकी वर्षं ज्याचा राग केला ते, एका दहा-अकरा वर्षांच्या पोरीने दोन सकाळींत माझ्या चेहऱ्यावर ओळखलं होतं!

पण मी कितीही शिष्ट असले तरी आंधळी नव्हते. निरीक्षण, कल्पकता, भाषा, मिळून काम करणं, असे माझ्या तक्त्याचे रकाने होते. ते सगळे एका बैलाने आणि एका गळक्या छपराने भरून टाकले होते. जिल्ह्यात मी पाहिलेल्या वर्गांत एवढा जिवंत वर्ग दुसरा नव्हता. आणि नियमाप्रमाणे बंद व्हायचा होता तो नेमका हाच.

मी अहवाल लिहिला. “वर्ग उत्तम. वेळ चुकीची. वेळ खात्याने ठरवली आहे, सबब चूक खात्याची.” या ‘सबब’चा मला फार अभिमान वाटला होता. अजूनही वाटतो.

आमच्या साहेबांना नाही वाटला. साहेब वाईट माणूस नव्हते. वरून आलेला कागद खाली पाठवणं आणि खालून आलेला वर पाठवणं, एवढ्यावर त्यांची सगळी हयात गेली होती, आणि मध्ये कोणी बोललं की त्यांना ठसका लागायचा.

“उसनी मुलं बसवणाऱ्या मास्तराला तुम्ही उत्तम लिहिता?”

“मास्तराला नाही, वर्गाला. पण मास्तरही उत्तमच आहे.”

“नियम आहे, बाई. वर्ग बंद. ताकीद तयार करून आणा.”

“मी ती लिहिणार नाही.”

“तुमची नोकरी अजून कायम झालेली नाही.”

“मला माहीत आहे, साहेब. म्हणून तर अक्षर चांगलं काढून लिहिलं.”

साहेबांनी अहवाल बाजूला सारला. सही पुढच्या आठवड्यात, म्हणाले. म्हणजे गुरुजींच्या मानेवर सुरी तेवढे दिवस लटकती. घरी येऊन मी हे सांगितलं, तर यजमान म्हणाले, “जरा सांभाळून.” सासूबाई म्हणाल्या, “सांभाळून काय? शाळा बिमार आहे तर सांगायला नको?” त्या दिवसापासून माझी नोकरी घरात एका माणसाला तरी कळली.

तेवढ्यात पुण्याहून पाहणी जाहीर झाली. आनंदवर्गांची योजना जिथून निघाली, त्या कार्यालयाच्या एक ज्येष्ठ बाई स्वतः येणार होत्या. त्यांना दाखवायला आमच्याकडे जिल्ह्याच्या ठिकाणाजवळ एक ‘आदर्श केंद्र’ होतं. भिंतींवर ताजा चुना, दारात कुंड्या. साहेबांनी मला बोलावलं आणि चक्क बसायला सांगितलं. तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी बिनसलं आहे.

“बाई, आदर्श केंद्रावर मुलं जरा कमी आहेत.”

“किती कमी?”

“म्हणजे... नाहीतच. लग्नसराई आहे ना. सगळे गावाला गेले.”

“मग?”

“तुमच्या ओळखीची ती जंगलाकडची मुलं... नाटक वगैरे करतात म्हणता... मी जीप देतो.”

मी त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिले. मला वाटलं, आता ते स्वतःच हसतील. ते हसले नाहीत. त्यांना आपण काय बोललो तेच ऐकू आलं नव्हतं.

“साहेब, ही उसनवारी होईल.”

“असे शब्द वापरू नका.”

“शब्द कोणताही वापरा, फेड करावीच लागते. जंगलकाठचा वर्ग चालू राहील, गुरुजींना ताकीद जाणार नाही, असं असेल तर आणते.”

“पाहू.”

“‘पाहू’ नको. ‘हो’ म्हणा.”

“हो,” साहेब म्हणाले. पण त्या होकाराला बूड नव्हतं. ते मला ऐकतानाच कळलं.

जंगलकाठच्या गावाने काय म्हणावं? सगुणाबाईने एकच विचारलं, “जीप हाय? मंग समोर मी बसीन.” आणि बसली. मागे त्या दिवसापुरती कामं सोडून आलेली दोन्ही गावची मुलं, पटले गुरुजी आणि एक ढोलकी. वाटेत प्रत्येक गावात ती ड्रायव्हरला हळू चालवायला सांगत होती, लोकांनी नीट पाहावं म्हणून.

आदर्श केंद्रावर साहेबांनी मुलांना रांगेत उभं करून बजावलं, “कोणी विचारलं तर याच गावचे आहोत म्हणून सांगायचं.”

गोदीने हात वर केला. “अन् नाव कोणाचं सांगू जी?”

“तुझंच सांग.”

“हे तर सोपं हाय,” ती म्हणाली.

पुण्याच्या बाई आल्या. पांढरी सुती साडी, प्रवासाने आंबलेला चेहरा. मुलांनी समूहगीत म्हटलं. बाईंनी जांभई दाबली. बिचाऱ्यांनी त्या दौऱ्यात तेच गीत किती ठिकाणी ऐकलं असेल! मग त्या म्हणाल्या, “छान. आता तुमचं तुम्ही केलेलं काही आहे का?”

गोदीने माझ्याकडे पाहिलं. साहेबांनीही माझ्याकडे पाहिलं, अगदी हात जोडल्यासारखं. मी दोघांकडे पाहून घेतलं, डोळ्यांवरचा काळा चष्मा काढला आणि गोदीच्या हातात दिला.

बैल हंबरला, छप्पर गळलं, पाच झाले. पुण्याच्या बाई आधी सावरून बसल्या, मग पदर तोंडाला लावून हसल्या, मग पदर डोळ्यांनाही लावावा लागला. सोंग संपल्यावर त्यांनी गोदीला जवळ घेतलं. “हे कोणी बसवलं?”

“आमीच.”

“आणि तुझं गाव कोणतं गं?”

गोदीने चष्मा काढला. तिने साहेबांकडे पाहिलं. एवढं फाटकन बोलणारी पोर, ती चष्म्याच्या काड्या उघडत-मिटत राहिली. मला कळत होतं की तिने “इथलीच” म्हटलं तर साहेब वाचतात, आदर्श केंद्र गाजतं, आणि जंगलकाठच्या वर्गाचं नावही कुठे उरत नाही. बूड नसलेला तो होकार संध्याकाळपर्यंत वाहून जाईल आणि गुरुजींना ताकीद निघेल. आणि तिने खरं गाव सांगितलं तर बोल तिच्यावर येईल.

मी उभी राहिले. “ही मुलं इथली नाहीत, बाई. उसनी आणली आहेत. मी आणली आहेत.”

मागे गुरुजींच्या हातून ढोलकी निसटल्याचा आवाज झाला.

मग मी सगळं सांगितलं. पानांचे दिवस, डांगरांचे दिवस, सकाळची वेळ, आमराईतला वर्ग. यांच्याच वर्गावर बंदीची सही व्हायची आहे, हेही सांगितलं. आवाज चढला होता, ते मला माहीत आहे. कमी करायचा प्रयत्न केला नाही.

पुण्याच्या बाईंनी ऐकून घेतलं आणि साहेबांना विचारलं, “सकाळचीच वेळ हवी, हे कोणी ठरवलं?”

“वरून आलं होतं, बाई.”

“वर म्हणजे आम्हीच. आम्ही तर सकाळ उदाहरण म्हणून लिहिली होती.”

साहेबांना ठसका लागला. कोणीतरी पाणी आणलं.

“मग या मुलांसाठी कोणती वेळ ठेवावी?” बाईंनी मला विचारलं. मी शहाण्यासारखं उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात मागून सगुणाबाईचा आवाज आला, “लेकरायले पुसा ना जी! त्यायले मालूम नाही का?”

पावसाळ्यात दोन हुकूम आले. पहिल्यात असं की आनंदवर्गाची वेळ त्या त्या गावाने ठरवावी. जंगलकाठचा वर्ग आमराईत राजरोस भरू लागला आणि पटले गुरुजींच्या कागदांत ताकीद शिरली नाही. दुसऱ्या हुकमात माझी बदली जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. कारण, प्रशासकीय.

पुढे काही वर्षांनी आनंदवर्गच गुंडाळले गेले. का, ते कोणी सांगितलं नाही. तोपर्यंत नवी योजना आली होती आणि तिचे नवे रकाने. त्याचं मला आजही वाईट वाटतं. गोदीचं पुढे काय झालं, ते मला माहीत नाही. ती मोठी नटी झाली, किंवा शिक्षिका झाली, असं लिहिलं की गोष्ट गोड होते, म्हणून मुद्दाम लिहीत नाही.

बदलीचा कागद घ्यायला मी साहेबांच्या खोलीत गेले, तेव्हा बाहेर पाऊस लागलेला होता. त्यांनी पेन उघडलं, पण सही केली नाही. म्हणाले, “बाई, एक विचारू? तुम्ही गप्प बसल्या असत्या तर काय बिघडलं असतं? त्या मुलीने एक शब्द बोलायचा होता. तुमचीही नोकरी कायम झाली असती, त्या वर्गाचंही मी पाहिलं असतं.”

“तिला खोटं बोलावं लागलं असतं, साहेब.”

“तुम्हीच तर लिहिलंय अहवालात. त्या गावी ती तुमच्याशी बिनधास्त खोटं बोलली होती. नावसुद्धा खोटं सांगितलं होतं.”

“सांगितलं होतं,” मी म्हटलं. “आपल्या आजीच्या गावासाठी सांगितलं होतं. तुम्ही तिचे कोण?”

साहेबांनी खाली पाहून सही केली आणि कागद माझ्याकडे सरकवला. मी तिथेच उभी राहून तो पूर्ण वाचला, शाई वाळू दिली, घडी घातली, आणि दार उघडंच ठेवून बाहेर पडले.